घरांत नाटककार निपजला तर?

गेल्या महिन्यांत येडशीहून आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें पत्र आलें. हे गृहस्थ तीस वर्षें शिक्षक होते. अद्यापि ते पत्रास समास सोडतात, त्यामुळें पाकीट फोडतांच पत्र कोणाचें हें आम्हीं ओळखलें. कुशलप्रश्न एका ओळींत आटोपून त्यांनीं लिहिलें होतें कीं, धाकट्या चिरंजीवानें नाटक लिहिलें आहे, मुंबईच्या एका निर्मात्यास तें पसंत पडलें आहे, आणि आतां चिरंजीव बँकेच्या नोकरीचा राजीनामा देण्याच्या गोष्टी बोलत आहे. तरी आपण एकदां येऊन त्यास चार शब्द सांगावे. खालीं एक वाक्य मागाहून वेगळ्या शाईनें लिहिलेलें होतें : ‘घरांत कोणी दारू पिऊं लागला तर काय करावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात, घरांत कोणी नाटककार झाला तर काय करावें हें कोणीच सांगत नाहीं.’

हा प्रश्न आम्हांस एका घरापुरता वाटला नाहीं. नाटकाचें वेड नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळा. नटांविषयीं, गवयांविषयीं आपल्या माजघरांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलणें चालत आलें आहे. परंतु नाटक लिहिणाराचें नांव जाहिरातींतल्या एका ओळींत येतें व तेथेंच राहतें. त्या ओळीमागें एक संसार असतो, त्यांत वाण्याचें बिल असतें, मुलांची शाळा असते, म्हाताऱ्यांचीं औषधें असतात, हें आपल्या ध्यानीं येत नाहीं. म्हणून आम्ही येडशीस गेलों, आणि तेथें जें घडलें तें वाचकांस सांगत आहों. त्या घराची परवानगी आम्हीं घेतली आहे. नांव घालूं नये एवढीच त्यांची अट आहे. सदर लिहिणारे आणि नाटक लिहिणारे हे एकाच आळीचे चोर, असा शेरा परवानगी देतांना आमच्या स्नेह्यांनीं मारला, तोही आम्ही नमूद करून ठेवितों.

येडशी हें धाराशिवजवळचें, बालाघाटाच्या डोंगरांतलें गांव. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि शेजारची बार्शी मुंबई इलाख्यांत. अडीच फुटी रुळांवरून धांवणारी ‘बार्शी लाईट’ ही लहानगी आगगाडी १८९७ मध्यें कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली व पुढें येडशीवरून लातुरास पोंचली. आतां तो मार्ग रुंद झाला आहे, आणि सोलापूर-धुळें महामार्गाचीं वाहनें गांवाच्या अंगावरून रात्रंदिवस जातात. रस्ता सोडून रानांत उतरलें कीं दरींत रामलिंगाचें देवालय लागतें. रावणाशीं झुंजून जटायू पडला तो येथेंच, असें इकडचे लोक सांगतात व त्याची समाधि दाखवितात.

स्नेह्यांस घरांत सारे अण्णा म्हणतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्यांच्या मातोश्री, ते स्वतः, वहिनी, दोन मुलगे, दोन सुना व तीन नातवंडें असा भरला संसार आहे. थोरला अभियंता, धाराशिवास रोज जाऊन येऊन नोकरी करतो. धाकटा बँकेंत. २०१७ च्या एप्रिलांत उस्मानाबादेस ९७ वें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलें होतें. तें पाहून आल्यापासून हा मुलगा रात्रीं दिवा जाळूं लागला, असें वहिनींचें म्हणणें. पुढें राज्य नाट्यस्पर्धेसाठीं त्यानें दोन नाटकें लिहिलीं. हें तिसरें.

पहिल्याच रात्रीं पानावर विषय निघाला. निर्मात्याचें म्हणणें असें कीं, मुंबईस सहा महिने येऊन राहा, तालमी चालू असतांना फेरफार करावे लागतील. मानधन प्रयोगामागें मिळेल. प्रयोगामागें याचा अर्थ उघड आहे. नटास चित्रवाणीच्या मालिकेचें काम लागलें, नाट्यगृहाची तारीख मिळाली नाहीं, पाऊस झाला, परीक्षा आल्या, कीं प्रयोग नाहीं. आणि प्रयोग नाहीं म्हणजे दमडी नाहीं. थोरल्यानें हा हिशेब ताटाच्या कडेला बोटानें मांडून दाखविला व म्हणाला, “काका, घर एकट्याच्या पगारावर चालवायचें कसें, एवढें याला विचारा.” धाकटा भात कालवीत राहिला.

आम्हांस इतिहास बोलून दाखविण्याची खोड आहे, व यजमानांनीं तर त्याचसाठीं बोलाविलें होतें. मराठी नाटककाराच्या पोटाचा प्रश्न नाटकाच्या जन्माबरोबरच जन्मला आहे. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ मध्यें सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें तें चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आज्ञेनें व त्यांच्याच आधारावर. १८५१ मध्यें अप्पासाहेब वारले आणि दरबारचा आश्रय सुटला. मग भाव्यांना मंडळी घेऊन गांवोगांव हिंडावें लागलें. १८५३ मध्यें मुंबईस त्यांनीं तिकिटें लावून खेळ केले. आज आपण तिकीट काढून नाटक पाहतों त्या रिवाजाच्या मुळाशीं असा एक पोरका झालेला नाटककार आहे. त्यानंतर बहुतेकांनीं एक हात पगारावर किंवा धंद्यावर ठेवूनच दुसऱ्या हातानें लेखणी धरली. ‘शाकुंतल’ १८८० मध्यें रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरींत होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगांवाकडे वकिली करीत, खाडिलकर वृत्तपत्र चालवीत, मामा वरेरकर पोस्टांत होते, अत्रे शाळा चालवीत. पुढच्या काळांत तेंडुलकर वृत्तपत्रांत, कानेटकर नाशिकास व एलकुंचवार नागपुरास इंग्रजी शिकवीत, आणि सतीश आळेकर तर पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्र पाहत. आपल्याच मराठवाड्यांत जांबसमर्थचे राजकुमार तांगडे शेती सांभाळून लिहितात. त्यांचें ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हें २०१२ सालीं आलेलें नाटक महाराष्ट्रभर गाजलें.

“म्हणजे सगळे नोकरदारच कीं!” अण्णा आनंदानें म्हणाले.

“गडकरी?” धाकट्यानें मान वर न करतां विचारलें.

या एका नांवापुढें आम्ही नेहमीं थांबतों. राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळींत लहान नटांना शिकवीत, कंपनीबरोबर वावरत, आणि नाटकासाठींच जगत. एका अर्थीं धंदेवाईक नाटककाराचें आयुष्य त्यांनीं पुरेंपूर भोगलें, आणि तें तेहतीस वर्षांत संपलें. २३ जानेवारी १९१९ रोजीं ते सावनेरास वारले. ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीनें बडोद्यास पहिल्यानें केलें तें २० फेब्रुवारी १९१९ रोजीं. मधलें अंतर अठ्ठावीस दिवसांचें. बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडसांचा सुधाकर, विठ्ठल सीताराम गुर्जरांचीं पदें, हीं ज्यांनीं पाहिलीं-ऐकिलीं त्यांनीं तीं जन्मभर सांगितलीं. ज्यानें तीं माणसें निर्माण केलीं त्याला एक प्रयोगसुद्धां दिसला नाहीं. ‘भावबंधन’ही त्यांच्या मागें रंगभूमीवर आलें, आणि ‘राजसंन्यास’ अपुरेंच राहिलें. नाटककाराच्या धास्तीचें याहून भीषण उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. कादंबरीकार हस्तलिखित पुरें करून मेला तर कादंबरी पुरी असते. नाटक लिहून पुरें होत नाहीं; तें दुसऱ्यांनीं उभें राहून बोलावें लागतें, आणि तोंवर तें एक जाडसें बाड असतें.

थोरला म्हणाला, “म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे.”

आम्ही अद्याप कोणाच्याच बाजूचे नव्हतों. धाकट्यास आम्हीं विचारलें, करारपत्र झालें का? नव्हतें झालें. मग मात्र आम्हीं त्याची चांगली कानउघाडणी केली. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनींही हें लक्षांत ठेवावें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें नाटकाचा हक्क लेखकाच्या हयातीपर्यंत व त्यापुढें साठ वर्षें राहतो. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी व सहीनिशीं द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची धरतात. तेव्हां मुदत किती, कोणत्या भाषेचे हक्क, चित्रपटाचे व मालिकेचे वेगळे कीं त्यांतच, प्रयोगामागें किती व तें कधीं मिळावयाचें, हें कागदावर हवें. ‘आपल्या घरचींच माणसें आहेत’ असें ज्या व्यवहारांत म्हणतात त्या व्यवहारांत कागद दुप्पट जाड असावा. शिवाय महाराष्ट्रांत प्रयोगापूर्वीं परिनिरीक्षण मंडळाचें प्रमाणपत्र लागतें. १९७२ मध्यें तेंडुलकरांचें ‘सखाराम बाइंडर’ याच उंबरठ्यावर अडलें व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ची गोष्ट तर सर्वश्रुत आहे : १९०७ मध्यें तें रंगभूमीवर आलें, कीचकाच्या ठिकाणीं प्रेक्षकांना कर्झन दिसूं लागला, आणि १९१० मध्यें सरकारनें बंदी घातली. पण तो गृहस्थ स्वस्थ बसणारांपैकीं नव्हता. १२ मार्च १९११ रोजीं ‘मानापमान’ उभें राहिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं धाकट्याबरोबर आम्ही रामलिंगास गेलों. माकडें फार. नारळाची वाटी हातांत दिसली कीं तीं थेट खांद्यावर येतात. दर्शन घेऊन ओढ्याकांठीं खडकावर बसलों, तेव्हां त्यानें आम्हांस विचारलें, “काका, तुम्हीही एक नाटक लिहिलें होतें म्हणे?”

लिहिलें होतें. सुमारें चाळीस वर्षांपूर्वी सोलापुरास हौशी मंडळींनीं त्याचा एक प्रयोग केला. एकच. दुसऱ्या अंकांत नायकाचें जें भाषण आम्हीं सात वेळां खोडून लिहिलें होतें, तें ऐन वेळीं नायकास आठवेना. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडत होता. प्रॉम्प्टरचें पहिल्या रांगेस ऐकूं गेलें, नायकास नाहीं. शेवटीं त्यानें नायिकेकडे वळून “चहा झाला का?” असें पदरचें वाक्य टाकलें. नाट्यगृह हंसून लोटपोट झालें. दुसऱ्या दिवशीं जो भेटेल तो त्याच वाक्याबद्दल आमचें अभिनंदन करी. आमच्या सासऱ्यांनींसुद्धां केलें. पुढें व्यवस्थापकांनीं आम्हांस न विचारतां शेवट बदलला आहे हें प्रयोग चालू असतांनाच आम्हांस कळलें : आमची नायिका घर सोडून जात होती, त्यांची परत आली. मुलाला हें सांगतांना तो हंसला, व आम्हीही हंसलों. त्या रात्रीं आम्ही घरीं पायीं गेलों होतों व जेवलों नव्हतों.

“मग पुन्हा लिहिलें कां नाहीं?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्यास दिलें नाहीं. त्याऐवजीं त्या रात्रीची दुसरी एक गोष्ट सांगितली. तिसऱ्या अंकांत एक जागा होती. तेथें आम्हीं तीन वाक्यें काढून टाकून एकच शब्द ठेविला होता. ती जागा जवळ येत असतां बायकांच्या बाजूस एक तान्हें मूल रडूं लागलें. त्याची आई उठली, दारापर्यंत गेली. तेवढ्यांत तो शब्द आला. ती बाई दारांत उभी राहिली. मूल कडेवर रडत होतें व ती वळून रंगमंचाकडे पाहत होती. बाहेर जावयाचें तिला भान राहिलें नाहीं. चारशें माणसें चिडीचूप. टाळी पडली नाहीं. असें पांच-सात क्षण झालें असेल. त्यानंतर आम्हीं नोकरींत बढत्या घेतल्या, घर बांधलें, या सदराबद्दल वाचकांचीं पत्रें येतात तींही आवडीनें वाचतों. पण त्या दारांतल्या बाईची बरोबरी कशालाच आली नाहीं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पैशांचें मला भय नाहीं, काका. हें नाटक मीं घरांत वाचून दाखविलेलें नाहीं. वाचूं नये असें त्यांत एक आहे.”

येथें आमच्याकडून आगळीक झाली. घरांत जें वाचतां येत नाहीं तें मुंबईस कोणत्या तोंडानें करणार, असें आम्हीं मोठ्या अधिकारवाणीनें विचारलें. आंत काय आहे हें विचारण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं. तो म्हणाला, “तुम्ही बसणार असाल तर वाचतों.”

त्या रात्रीं जेवणें उरकल्यावर सोप्यावर बैठक घातली. आजी खांबाला टेकून, हातांत जपमाळ. अण्णा झोंपाळ्यावर. थोरला अडकित्ता घेऊन सुपारी कातरीत बसला, सुना दारालगत. वाचन सुरू होण्यापूर्वीं धाकट्या सूनबाईंनीं पाण्याचा तांब्या व फुलपात्र आणून अण्णांच्या हाताशीं ठेविलें. अण्णांनीं पाणी मागितलें नव्हतें.

पहिला अंक हंशांत गेला. एका वाड्यांतलें घर, एक निवृत्त शिक्षक, समास सोडून वाण्याची यादी लिहिण्याची त्यांची संवय; अण्णा स्वतःच सर्वांत मोठ्यानें हंसत होते. दुसऱ्या अंकांत ते म्हातारे गृहस्थ मध्यरात्रीं एकटे हिशेबाची वही उघडून बसतात. थोरल्या मुलाच्या अभियांत्रिकीच्या फीसाठीं त्यांनीं आपल्या आईच्या बांगड्या सोनाराकडे मोडल्या आहेत. आई विचारते तेव्हां, बँकेच्या लॉकरांत ठेविल्या आहेत, म्हणून सांगितलें आहे. आणि अठरा वर्षें, घरांत कार्य निघालें कीं, लॉकरची किल्ली सांपडत नाहीं.

अडकित्त्याचा आवाज थांबला.

आमच्या ध्यानीं आलें तें सर्वांच्या मागून. आम्हीं थोरल्याकडे पाहिलें. त्याच्या चेहऱ्यावरून उघड होतें कीं त्याला यांतलें अवाक्षर ठाऊक नव्हतें. धाकट्याचा आवाज खालीं आला होता, पण तो थांबला नाहीं. अंक संपवूनच त्यानें वही मिटली. अण्णांनीं फुलपात्र भरून घेतलें, पाणी प्याले, आणि कोणाकडे न पाहतां आंत गेले. बऱ्याच वेळानें आजी म्हणाली, “पुढचें उद्यां वाच.” तिची माळ चालूच होती.

आम्हांस झोंप कोठची? मागल्या दारीं पायरीवर बसलों असतां सूनबाई भांडीं ठेवण्यास आल्या. तुम्हांला ठाऊक होतें, असें आम्हीं म्हटलें. त्या म्हणाल्या, “स्वच्छ प्रत मीच करतें, काका. बँकेंत लॉकरांचें पुस्तक यांच्याच टेबलावर असतें. मामंजींच्या नांवाचा लॉकर नाहीं हें यांना पहिल्याच वर्षीं कळलें.” थोडें थांबून त्या पुढें म्हणाल्या, “नोकरी सोडावी कीं नाहीं हें मला अजून कोणी विचारलेलें नाहीं. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार येतो म्हणून हे रात्रीं लिहितात. तो यायचा थांबला तर रात्रीं हिशेब लिहितील.” एवढें बोलून त्या आंत गेल्या. त्यांचें म्हणणें आम्हीं दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष सांगितलें. या सल्ल्याचें श्रेय आमचें नव्हे.

नाटककार कोणाचें भांडवल वापरतो, हाच विचार त्या पायरीवर आमच्या मनांत घोळत होता. देवलांच्या ‘शारदे’नें १८९९ मध्यें जरठ-कुमारीविवाहाचा बाजार चव्हाट्यावर मांडला, तेव्हां ज्या घरांतून असे सौदे होत असत त्यांनीं तें नाटक कसें पाहिलें असेल? (बालविवाहाचा १९२९ चा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून पडला असें पुष्कळांस वाटतें, तें नांव हरबिलास सारडा यांचें.) एलकुंचवारांचें ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्यें आलें. धरणगांवच्या देशपांड्यांचा खचत चाललेला वाडा, वडिलोपार्जित दागिन्यांवर खिळलेलीं सर्वांचीं मनें. तें पाहून आपल्यासारख्या घरांतल्या शेंकडों माणसांनीं डोळे पुसले. अण्णांनींही पुसले होते. सोलापुराहून प्रयोग पाहून आल्यावर त्यांनीं आम्हांस चार पानी पत्र लिहिलें होतें, त्यांत हें नाटक प्रत्येक कुटुंबानें पाहावें असें होतें. पण तें देशपांड्यांचें घर. पैशाची भीति घरांतला प्रत्येक जण बोलून दाखवीत होता, कारण ती बोलण्यासारखी होती. या दुसऱ्या भीतीबद्दल फक्त सून गप्प राहिली होती आणि मुलानें रानांत एकदां तोंड उघडलें होतें. जटायूच्या समाधीपाशीं बसून आम्हीं त्याला अधिकारवाणीनें उपदेश केला, याची त्या वेळीं आम्हांस मनापासून लाज वाटली.

सकाळीं थोरला लवकर उठून झोंपाळ्याशीं उभा होता. त्याचे डोळे सुजलेले होते. अण्णा त्याच्याकडे पाहत नव्हते. तो आम्हांस उद्देशून, पण सर्वांस ऐकूं जाईल असें म्हणाला, “सहा महिने बिनपगारी रजा मिळते का बघूं दे त्याला. राजीनामा नको. घराचें मी पाहतों.” सूनबाईंनीं रात्रीं जें सांगितलें होतें तेंही हेंच, आम्हीं तसें बोलून दाखविलें, तेव्हां वहिनींनीं सुनेकडे वळून पाहिलें. अण्णा कांहींच बोलले नाहींत. झोंपाळा हळूहळू चालला होता, कडी करकरत होती.

इतक्यांत आजी पूजेवरून उठून बाहेर आली व धाकट्यास म्हणाली, “वही आण रे ती.”

त्यानें वही आणली. तिला आतां अक्षर दिसत नाहीं. नुसता हात तिनें पुठ्ठ्यावर ठेविला. “तिसऱ्या अंकांत काय आहे?”

सांगावें कीं न सांगावें असें त्यास झालें. मग तो म्हणाला, “म्हातारी जाते, आजी. तिला शेवटपर्यंत ठाऊक नसतें. मुलगा तिच्या उशाशीं बसून सगळें सांगतो, पण तेव्हां ती गेलेली असते.” निर्मात्यास जो अंक विशेष पसंत पडला तो हाच, हें आम्हांस पत्रावरून ठाऊक होतें.

“बांगड्या नव्हेत त्या,” आजी म्हणाली. “पाटल्या होत्या. आणि म्हातारीला ठाऊक नव्हतें असें लिहिलेंस तें खोडून टाक. आपला सोनार पाटल्या मोडण्याआधीं मागल्या दारानें मला विचारायला आला होता. मीं हो म्हटलें.”

झोंपाळ्याची कडी वाजावयाची थांबली. धाकटा वही घेऊन तेथेंच जमिनीवर बसला आणि तिसरा अंक जेथें सुरू होतो तें पान शोधूं लागला.